फ्रेममध्ये दोघं असतात तेव्हा

फ्रेममध्ये दुसरं माणूस आलं की फोटोचं काम बदलतं. एकट्याच्या पोर्ट्रेटमध्ये चेहरा नीट उजळला आणि डोळे फोकसमध्ये आले की बरंचसं साधतं. दोघांच्या फोटोत बघणारा तुलना करू लागतो: मोठं कोण दिसतंय, उजेडात कोण आहे, कोण कुणाकडे बघतंय, मधे जागा किती सुटली आहे. शब्दांत तो हे काही मांडत नाही, पण 'हिचा वचक आहे' किंवा 'यांचं बिनसलंय' हे त्यावरूनच ठरवून मोकळा होतो. या तुलनेतल्या बहुतेक गोष्टी फोटोग्राफरच्या हातात असतात. चेहऱ्यावरचे भाव मात्र फारसे हातात नसतात.

म्हणून कॅमेरा लावण्याआधी एक वाक्य ठरवून टाकावं. 'ती बोलतेय, तो ऐकत नाहीये.' 'मोठी बहीण अजून सांभाळू पाहते, धाकटा आता निसटतोय.' 'दोघं भागीदार आहेत आणि बरोबरीचे आहेत.' या वाक्यात कोण काय करतंय हे आलं पाहिजे. 'दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे' या वाक्यावरून कॅमेरा कुठे ठेवायचा, उजेड कुणावर टाकायचा, यातलं काहीच कळत नाही. 'तो तिच्या आधाराने उभा आहे' म्हटलं की लगेच कळतं: ती पुढे, तो किंचित मागे, उजेड तिच्या बाजूने.

आधी अंतर, मग कोन

कॅमेऱ्याच्या कोनाबद्दल पुष्कळ बोललं जातं. माझ्या मते त्याच्याआधी अंतराचा विचार व्हायला हवा, कारण माणसांचे एकमेकांच्या तुलनेतले आकार फक्त कॅमेरा किती लांब उभा आहे यावर ठरतात. लेन्स बदलून ते बदलत नाहीत. लेन्स फक्त चौकट छोटी-मोठी करते.

समजा ती पुढे आहे आणि तो तिच्या मागे एक मीटरवर. कॅमेरा तिच्यापासून दीड मीटरवर ठेवला तर तो अडीच मीटरवर पडतो आणि त्याचं डोकं तिच्या डोक्याच्या ६० टक्के दिसतं. आता कॅमेरा साडेचार मीटरवर न्या आणि ३५ एमएमच्या जागी १०५ एमएम लेन्स लावा (एमएमचा आकडा मोठा, तेवढी चौकट अरुंद). ती फ्रेममध्ये तेवढीच राहील, पण त्याचं डोकं आता तिच्या ८२ टक्के झालेलं असेल. माणसं जागची हललेली नाहीत. पहिल्या फोटोत तो मागे पडलेला दिसतो, दुसऱ्यात तिच्या पाठीशी उभा दिसतो.

यातून कामाची रीत सरळ ठरते. आधी पायांनी जागा ठरवायची, मग त्या जागेवरून हवी तेवढी चौकट देणारी लेन्स किंवा झूम निवडायचा. उलट केलं, म्हणजे आवडती लेन्स लावून चौकट भरेपर्यंत पुढे-मागे सरकलं, तर नात्याचं माप लेन्सने ठरवलेलं असतं.

जवळ जाताना एक धोका असतो. २४ किंवा २८ एमएमच्या लेन्सवर फ्रेमच्या कडेला असलेला चेहरा बाहेरच्या बाजूला ताणला जातो. दोघांपैकी एक मध्यात आणि एक कडेला असेल तर कडेचा माणूस विनाकारण रुंद आणि बेढब दिसतो, आणि बघणारा त्यातूनही काहीतरी अर्थ काढतो. ताण हवा असेल तर गोष्ट वेगळी. नको असेल तर दोघांची डोकी फ्रेमच्या मधल्या भागात ठेवा आणि कडा नंतर कापा.

उंची कुणाच्या डोळ्यांची?

'आय लेव्हल' हा शब्द एकट्या माणसासाठी पुरेसा आहे. दोघांत प्रश्न उरतो: कुणाच्या डोळ्यांची पातळी? उभ्या मोठ्या माणसाचे डोळे १६० सेंटीमीटरवर आणि मुलाचे ११० वर असतील, तर कॅमेऱ्याला तीन वेगवेगळ्या उंची मिळतात. ११० वर ठेवला की आपण मुलाच्या बाजूचे होतो आणि मोठा माणूस वर उंच दिसतो. १६० वर ठेवला की मोठ्याच्या नजरेने खाली बघतो. १३५ वर ठेवला तर कुणाचीच बाजू घेत नाही. नेहमी होणारी चूक म्हणजे फोटोग्राफरने स्वतःच्या उंचीवरून, उभ्यानेच फोटो काढणं. त्यात आई आणि मुलाचं नातं दिसण्याऐवजी फोटोग्राफर आणि मुलाचं नातं दिसतं.

उंचीचा परिणामही अंतरावर ठरतो. दोन मीटरवरून कॅमेरा चेहऱ्यापेक्षा ५० सेंटीमीटर खाली नेला तर सुमारे १४ अंशांचा कोन होतो आणि तो स्पष्ट जाणवतो. चार मीटरवरून तेच ५० सेंटीमीटर म्हणजे जेमतेम ७ अंश. वचक किंवा आदर सूचित करायला ७ ते १० अंश पुरतात, असं माझं मत आहे. १५ च्या पुढे गेलं की नाकपुड्या आणि हनुवटीखालचा भाग दिसू लागतो, मागे छत येतं आणि बघणाऱ्याला नात्याआधी कॅमेऱ्याची करामत दिसते.

खालून फोटो घेताना कॅमेरा वर वाकवायचा की सरळ ठेवायचा, हा निर्णय अनेकदा घेतलाच जात नाही. वर वाकवला की दारं, खांब, भिंतींच्या कडा वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात आणि माणूस मागे कलल्यासारखा वाटतो. कॅमेरा खाली नेला पण लेन्स जमिनीला समांतर ठेवली, तर उभ्या रेषा सरळ राहतात, नजर खालचीच राहते, आणि परिणाम शांत वाटतो. त्यासाठी थोडी रुंद चौकट घ्या आणि खालचा जास्तीचा भाग नंतर कापा. कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांचा मान दाखवायला ही दुसरी रीत जास्त शोभते.

वरून घेतलेला माणूस दुबळा दिसतो, हा नियम अर्धाच खरा आहे. कॅमेरा थेट डोक्यावर गेला आणि माणसं जमिनीवर आडवी असली, की उभं-बसलं, उंच-ठेंगणं हा भेदच संपतो. अॅनी लीबोविट्झ यांनी ८ डिसेंबर १९८० रोजी काढलेला जॉन लेनन आणि योको ओनो यांचा फोटो आठवा. तो विवस्त्र, अंग मुडपून तिला बिलगलेला. ती पूर्ण कपड्यांत, सरळ पहुडलेली. कोण कुणाच्या आधाराला आहे हे शरीरांच्या आकारावरून आणि कपड्यांवरून कळतं, कारण कोनाने उंचीचा प्रश्न काढूनच टाकला आहे.

कॅमेरा तिरका करून क्षितिज कलवण्याची युक्ती मी जवळजवळ वगळतो. नात्यातली अस्वस्थता तिने दिसत नाही, चौकटीतली दिसते.

दोघांना जोडणारी रेषा

दोघं समोरासमोर बसले आहेत. त्यांच्या डोळ्यांना जोडणारी एक रेषा मनात ओढा. कॅमेरा या रेषेला काटकोनात असला की दोघांचे चेहरे एका बाजूने दिसतात, आकार सारखे येतात आणि आपण बाहेरून बघणारे राहतो. सामना, बोलणी, तोडीस तोड असलेले भाऊ यांच्यासाठी ही जागा उत्तम. पण याच जागेवरून मधली पोकळी सगळ्यात मोठी दिसते. गप्पा मारताना माणसं सहज ६० सेंटीमीटर अंतर ठेवतात. फोटोत तेच अंतर दुराव्यासारखं दिसतं.

आता माणसांना न हलवता कॅमेरा गोलाकार सरकवत एका माणसाच्या खांद्यामागे न्या. ६० अंश सरकलात की मधली पोकळी साधारण निम्मी दिसते. आणखी पुढे गेलात की डोकी एकमेकांवर येऊ लागतात. म्हणजे दुरावा आणि जवळीक यांच्यामधला बराचसा प्रवास कॅमेऱ्याच्या एका वळणात होतो. पोझ देणाऱ्यांना 'अजून जवळ या, अजून' असं सांगत बसण्यापेक्षा हे किती सोपं! त्यात त्यांचं अवघडलेपणही टळतं.

खांद्यावरून घेतलेल्या फोटोत पुढचा खांदा आणि डोकं फ्रेमचा पाव ते एक तृतीयांश भाग व्यापतील असं बघा. त्याहून कमी झालं तर चुकून मधे आलेला माणूस वाटतो, जास्त झालं तर अडथळा होतो. अडथळा हाच अर्थ हवा असेल, म्हणजे समोरच्याला बोलायला जागाच मिळत नाही असं दाखवायचं असेल, तर मात्र निम्मी फ्रेम खुशाल झाकून टाका. ८५ एमएमवर एफ/१.४ लावलं (एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा; तो लहान तेवढं छिद्र मोठं आणि फोकसमधला भाग कमी) तर पुढच्या माणसाचा आकार पार विरघळतो आणि तो माणूस आहे की पडदा हे कळत नाही. कान आणि जबड्याची रेषा ओळखू आली पाहिजे; त्यासाठी एफ/२.८ ते एफ/४ ठेवा.

दोघंही स्पष्ट हवे असतील तर आकडे लक्षात असलेले बरे. फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेला) कॅमेरा, ८५ एमएम लेन्स, दोन मीटर अंतर: एफ/१.८ ला जेमतेम ६ सेंटीमीटर भाग फोकसमध्ये राहतो, एफ/५.६ ला सुमारे १९ आणि एफ/८ ला सुमारे २७. खांद्याला खांदा लावून बसलेल्या दोघांत, एकाचा चेहरा दुसऱ्यापेक्षा १० सेंटीमीटर मागे असणं अगदी साधी गोष्ट आहे. एफ/१.८ वर त्यातला एक धूसर होणारच. ते मुद्दाम केलं असेल तर 'आत्ता गोष्ट हिची आहे' असा अर्थ निघतो. चुकून झालं तर नुसती चूक दिसते. मधली स्थिती सर्वांत वाईट: किंचित धूसर. फोकस सोडायचाच असेल तर नीट सोडा, म्हणजे बघणाऱ्याला शंका राहत नाही.

नजरेचंही असंच. दोघं एकमेकांकडे बघत असतील तर वर्तुळ बंद होतं आणि बघणारा बाहेर राहतो. एक दुसऱ्याकडे आणि दुसरा फ्रेमबाहेर बघत असेल तर एक प्रश्न उघडा राहतो, आणि माझ्या मते नात्याचे सर्वांत बोलके फोटो याच मांडणीतून येतात. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेल्या स्थलांतरित आईच्या प्रसिद्ध फोटोत तिच्या खांद्यांना टेकलेल्या दोन मुलांचे चेहरे दिसतच नाहीत. ती कॅमेऱ्याकडे पाठ करून आहेत. आईची नजर दूर कुठेतरी. मुलं पूर्ण तिच्यावर विसंबलेली आणि ती एकटीच काळजी वाहणारी, हे एकट्या तिच्याच चेहऱ्यातून पोचतं.

उजेड बाजू घेतोच

समोरासमोर बसलेल्या दोघांवर एका बाजूने उजेड टाकला की तो आपोआप एकाची बाजू घेतो, ही गोष्ट फार थोडे लोक आधी लक्षात घेतात. ती डावीकडे बसून उजवीकडे बघतेय, तो उजवीकडे बसून डावीकडे बघतोय. खिडकी डावीकडे आहे. उजेड तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूवर पडतो आणि तिचा चेहरा सावलीत जातो; त्याचा चेहरा थेट उजेडात येतो. तो उघडा पडला, ती झाकली गेली. तिला काहीतरी माहीत आहे आणि त्याला उत्तर द्यायचं आहे, असं वाटू लागतं. जागांची अदलाबदल करा, अर्थ उलटतो. एवढा अर्थ नको असेल तर तिला चेहरा थोडा कॅमेऱ्याकडे वळवायला सांगा. गालावर उजेडाची कड येईल. पूर्ण कॅमेऱ्याकडे वळली तर अर्धा चेहरा उजळेल.

दोघांना सारखा न्याय द्यायचा असेल आणि तरीही सपाट उजेड नको असेल, तर आडवा-तिडवा उजेड वापरतात. दोन दिवे घ्यायचे, दोन्ही माणसांच्या पलीकडे, कॅमेऱ्यापासून लांबच्या बाजूला. एक तिच्या पाठीमागच्या कोपऱ्यात: तो त्याचा चेहरा उजळतो आणि जाता जाता तिच्या केसांवर, खांद्यावर कड काढतो. दुसरा त्याच्या पाठीमागे: तो तिचा चेहरा उजळतो आणि त्याला कड देतो. प्रत्येकाचा चेहरा दुसऱ्याच्या दिशेने आलेल्या उजेडात न्हालेला असतो, म्हणून जवळच्या नात्यांसाठी ही मांडणी मला फार आवडते.

हिच्यात बिघडतं ते नेहमी एकाच ठिकाणी: खांद्याची कड पांढरीफटक होते. कारण साधं आहे. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. दिवा तिच्या मागे एक मीटरवर असेल आणि तो तिच्यापुढे एक मीटरवर बसला असेल, तर तिच्या खांद्याला त्याच्या चेहऱ्यापेक्षा चौपट, म्हणजे दोन स्टॉप (एका स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा होतो) जास्त उजेड मिळतो. दिवा तीन मीटर मागे नेला की अंतरं तीन आणि चार मीटर होतात आणि फरक एका स्टॉपच्या आत, सुमारे ०.८ वर येतो. खोली लहान असेल आणि दिवा मागे नेता येत नसेल, तर दिव्याच्या समोर खालच्या बाजूला काळं पुठ्ठं धरा, म्हणजे जवळच्या खांद्यावरचा उजेड कापला जाईल आणि वरचा उजेड पलीकडच्या चेहऱ्यापर्यंत पोचेल. दोन्ही दिव्यांची तोंडं थोडीफार कॅमेऱ्याकडे असतात, म्हणून लेन्सवर थेट उजेड येत नाही ना हे बघा. आला तर सगळा फोटो धुरकट होतो. कॅमेऱ्याच्या बाजूने एक पांढरा थर्माकोल लावून सावल्या इतपत उचला की त्या चेहऱ्याच्या उजळ भागापेक्षा सुमारे दोन स्टॉप खाली राहतील.

आता नातं बदलायचं असेल तर काही हलवायची गरज नाही. एका दिव्याची ताकद एका स्टॉपने कमी करा. अर्ध्या स्टॉपचा फरक बघणाऱ्याला बहुधा जाणवत नाही. एका स्टॉपला नजर उजळ चेहऱ्याकडे आधी जाते. दोन स्टॉपला दुसरा माणूस स्पष्टपणे बाजूला पडतो. तीनला तो जवळपास आकृती उरतो. मी स्वतः एक ते दीड स्टॉपवर थांबणं पसंत करतो. सावलीतल्या माणसाचे डोळे वाचता आले पाहिजेत. नाहीतर नातं उरत नाही, एक माणूस आणि एक काळा आकार उरतो.

हा फरक मोजताना एक खबरदारी अत्यावश्यक आहे. दोघांचा वर्ण वेगळा असेल तर स्पॉट मीटर (छोट्या ठिपक्याएवढ्या भागाचा उजेड मोजणारं मापक) थेट त्वचेवर लावून उपयोग नाही, कारण त्वचेतच एखाद-दीड स्टॉपचा फरक असू शकतो. एकच ग्रे कार्ड (मोजणीसाठीचा ठरावीक करडा पुठ्ठा) किंवा एकच पांढरा कागद आधी तिच्या आणि मग त्याच्या चेहऱ्याजवळ, चेहऱ्याच्याच दिशेने धरून मोजा. हे न केल्यामुळे सावळा माणूस नकळत अंधारात ढकलला जातो आणि फोटो असं काहीतरी बोलून जातो जे कुणालाच म्हणायचं नव्हतं. बरोबरी दाखवायची असेल तर सावळ्या माणसाला दिव्याच्या किंवा खिडकीच्या जवळ बसवा.

खिडकीबद्दल थोडं. वर्गाच्या प्रमाणात घटण्याचा हिशेब छोट्या दिव्यासाठी आहे. मोठ्या खिडकीच्या अगदी जवळ उजेड त्यापेक्षा हळू कमी होतो, म्हणून एक खिडकीशी आणि एक मीटरभर आत असला तरी फरक दोन स्टॉपचा येईलच असं नाही. अंदाज न बांधता कागद धरून मोजा. दोघांनाही खिडकीपासून दूर, तीन मीटर आत नेलं तर उजेड मंद होईल पण जवळपास समान होईल; खिडकीला चिकटवलं तर तीव्र आणि असमान होईल.

सावली कुठे पडते हे शेवटी तपासायचं असं पुष्कळजण समजतात, पण ती आधीच तपासा. एकाची सावली दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पडली तर अर्थ फार जोरात बदलतो: दबाव, धाक, मत्सर. नको असेल तर दिवा वर चढवा, म्हणजे सावली चेहऱ्यावरून छातीवर उतरेल, किंवा पुढच्या माणसाला अर्धं पाऊल बाजूला सरकवा. हवी असेल तर दिव्यावरचा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) काढा. मऊ उजेडात ती सावली नुसता मळकट डाग वाटते.

रंगाचा फरक तीव्रतेच्या फरकापेक्षा जास्त बोलतो, म्हणून तो जपून वापरा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तेवढा पिवळा, जास्त तेवढा निळसर. घरातला पिवळा दिवा सुमारे २७०० केल्विन, दिवसाचा उजेड सुमारे ५५०० केल्विन. एक दिव्याजवळ आणि एक खिडकीजवळ असेल आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते सांगणारं सेटिंग) ३८०० ते ४००० च्या आसपास ठेवला, तर एक नारिंगी आणि एक निळसर येतो: एकाच खोलीत असूनही दोन जगांत. ऑटो व्हाइट बॅलन्सवर हे प्रत्येक फोटोत बदलत राहील, म्हणून आकडा हाताने ठरवा आणि रॉमध्ये (सेन्सरची कच्ची माहिती राखणाऱ्या फाइलमध्ये) काढा. फ्लॅश वापरत असाल तर एकावर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावून हेच साधतं. अर्ध्या ताकदीचं जेल सहसा पुरतं.

एक दुर्लक्षित नातं म्हणजे आपलं, म्हणजे बघणाऱ्याचं, फोटोतल्या माणसाशी असलेलं. १९६३ मध्ये अर्नोल्ड न्यूमन यांनी जर्मन उद्योगपती आल्फ्रीड क्रुप यांचा फोटो काढताना चेहऱ्यावर दोन्ही बाजूंनी उजेड टाकला आणि त्यांना पुढे वाकायला सांगितलं. फ्रेममध्ये एकच माणूस महत्त्वाचा आहे, तरी नातं स्पष्ट आहे: युद्धकाळात कारखान्यांत गुलामांकडून काम करवून घेणारा माणूस आणि त्याच्याकडे बघणारा ज्यू फोटोग्राफर.

सगळे फरक एकाच दिशेला नकोत

उंची, आकार, फोकस, उजेड, रंग. हे सगळे एकाच माणसाला मोठं करू लागले तर फोटो नाटकी होतो. बापाला खालून घेतलं, पुढे ठेवलं, त्यालाच उजेड दिला आणि मुलाला मागे धूसर अंधारात टाकलं, तर बघणाऱ्याला शोधायला काही उरत नाही. एखादा फरक उलटा करा. बाप उंच आणि पुढे राहू दे, पण उजेड मुलाच्या चेहऱ्यावर दीड स्टॉप जास्त असू दे. किंवा ती फोकसमध्ये असू दे पण सावलीत, आणि तो धूसर पण उजेडात. आता बघणाऱ्याची नजर दोघांमध्ये ये-जा करते, आणि 'मोठी बहीण सांभाळू पाहते, धाकटा निसटतोय' यासारखं दुहेरी वाक्य फोटोत येऊ शकतं.

हे जमलं की नाही ते ठरवायला डोळे बारीक करून स्क्रीनकडे बघा, किंवा फोटो अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून बघा. तपशील जातात आणि मोठे फरक उरतात. आधी कोण दिसलं, नंतर कोण, आणि मधे काय? उत्तर ठरवलेल्या वाक्याशी जुळत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर ठेवून फक्त उजेड बदला, नाहीतर उजेड तसाच ठेवून फक्त कॅमेरा हलवा. दोन्ही एकदम बदलले तर कशाने काय झालं ते कळत नाही.

फोनवर हे सगळं लागू होतं, फक्त दोन गोष्टी सांभाळा. मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ एमएमएवढी रुंद असते, त्यामुळे चौकट भरायला माणूस आपोआप फार जवळ जातो आणि पुढचा चेहरा प्रमाणाबाहेर मोठा होतो. मागे सरका आणि दुप्पट किंवा तिप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. दुसरं, पोर्ट्रेट मोड. त्यातली धूसरता हिशेबाने तयार होते आणि दोन माणसं वेगवेगळ्या अंतरावर असली की हिशेब चुकतो: पुढच्या खांद्याची कड अर्धी स्पष्ट आणि अर्धी पुसलेली येते, दोघांच्या मधली जागा तुकड्यातुकड्यांत धूसर होते. दोघांच्या फोटोत तो मोड बंदच ठेवा आणि वेगळेपणा उजेडातून आणा. खिडकीशी एकाला बसवून दुसऱ्याला दोन पावलं आत नेलं, एक्सपोजर उजळ चेहऱ्यावर बोट ठेवून लॉक केलं, की फोनमध्येही आतला माणूस हवा तेवढा मागे जातो.